इंग्लंडमधील बहिणीचे इम्प्लांट : तिकडेच, हंगेरीत, तुर्कस्तानात की बेळगावात?

शहापूरकर :

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझी थोरली बहीण गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहते. तिचे वय ५८ असून खालच्या जबड्यातील उजव्या बाजूच्या दोन दाढा आणि वरच्या जबड्यातील डाव्या बाजूची एक दाढ तिला काढावी लागली आहे. काढता-घालता येणारी कवळी तिने करून घेतली होती, परंतु ती तिला मानवली नाही. जेवायला बसताना ती काढून बाजूला ठेवावी लागत असेल, तर तिचा उपयोग काय, असे ती म्हणते. तिथल्या दंतवैद्याने तीन इम्प्लांटचा सल्ला दिला असून स्कॅन, वरच्या दाढेच्या जागी हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया आणि कॅप हे सर्व धरून ८,५०० पौंडांचा लेखी अंदाज दिला आहे. रुपयांत ही रक्कम नऊ लाखांच्या पुढे जाते. तिथली सरकारी आरोग्यसेवा अशा कामाचा खर्च सहसा उचलत नाही. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा मोठ्या अपघातानंतर अशा मोजक्याच प्रसंगी ती सोय मिळते.

तिच्या कार्यालयातील एक सहकारी तुर्कस्तानात अंतल्या येथे, तर दुसरी हंगेरीत बुडापेस्टला जाऊन हे काम करून आली आहे. दोघींनाही इंग्लंडच्या निम्म्याहून कमी खर्च आला, असे त्या सांगतात. अक्काचे म्हणणे असे की, दातांसाठी विमानात बसायचेच असेल तर मग बेळगावलाच का येऊ नये? इथे घर आहे, आई आहे, भाषेची अडचण नाही, आणि तिच्याकडे ओसीआय कार्ड असल्यामुळे व्हिसाचाही प्रश्न येत नाही. अडचण एवढीच की, तिला एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त रजा मिळत नाही.

मी इथे तीन दवाखान्यांत चौकशी केली. एकाने दाढेमागे २८ हजार सांगितले, दुसऱ्याने ३५ हजार आणि तिसऱ्याने ५५ हजार. यांपैकी कोणत्या रकमेत कॅप धरली आहे आणि कोणत्या रकमेत नाही, हे विचारल्यावरच कळले. दोघांनी “एका फेरीत सगळे उरकून देऊ” असे आश्वासन दिले, तर तिसऱ्यांनी दोन फेऱ्यांशिवाय होणार नाही असे स्पष्ट सांगितले. एकाच शहरात, एकाच कामाबद्दल इतकी भिन्न उत्तरे मिळाल्यामुळे माझा गोंधळ उडाला आहे. अक्काला मधुमेह आहे, तो गोळ्यांवर नियंत्रणात असतो. तेव्हा खर्चातील हा फरक खरा किती आणि वरवरचा किती, बेळगावात करायचे झाल्यास चांगला दवाखाना कसा ओळखावा, की त्यासाठी कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याला जावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दंतवैद्य_टिळकवाडी :

नमस्कार. मी स्वतः बेळगावात व्यवसाय करतो, म्हणून कोणत्याही खासगी दवाखान्याचे नाव मी सुचवणार नाही आणि माझेही सांगणार नाही. मात्र आपल्या प्रश्नात दराआधी वेळेचा विचार व्हायला हवा, असे मला वाटते.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनमधील संशोधक ब्रोनमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना असे आढळले की, टायटॅनियमभोवती हाड इतके घट्ट जुळते की तो धातू पुन्हा सुटा करता येत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजही सगळे काम याच जुळण्यावर उभे आहे, आणि ती हाडाची गती कोणत्याही देशातील डॉक्टर पैसे घेऊन वाढवू शकत नाही. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असते, तिथे साधारण तीन महिने लागतात. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने तिथे चार ते सहा महिने धरावे लागतात, आणि हाड भरावे लागले असेल तर त्याहूनही अधिक. त्यानंतरच स्क्रूवर जोडभाग आणि त्यावर कॅप बसवायची असते.

म्हणून आपल्याला दोन फेऱ्या सांगणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. “लगेच दात” ही पद्धत खोटी नाही, परंतु ती मुख्यतः पुढच्या दातांसाठी, किंवा संपूर्ण जबड्यात चार-सहा स्क्रू एकमेकांना जोडून बसवताना वापरली जाते. सुट्या दाढेवर चावण्याचा सर्वाधिक भार येतो. तिथे हाड जुळण्याआधी कायमची कॅप बसवली तर स्क्रू हलण्याचा धोका वाढतो.

वरच्या दाढेबाबत आणखी एक गुंतागुंत आहे. वरच्या मागच्या दाढांच्या लगेच वर सायनसची पोकळी असते आणि दाढ काढून बराच काळ गेला की मधले हाड पातळ होत जाते. तिथे चार-पाच मिलिमीटर हाड शिल्लक असेल, तर सायनसचा पडदा उचलून, हाडाची भुकटी भरून त्याच वेळी स्क्रू बसवता येतो. त्याहून कमी असेल तर आधी फक्त हाड भरायचे, काही महिने थांबायचे आणि मग स्क्रू बसवायचा, असे करावे लागते. मग दोनाच्या तीन फेऱ्या होतात आणि तिकिटांचा सगळा हिशेब बदलतो. हे केवळ सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवरूनच समजते. तो स्कॅन इंग्लंडमध्ये झालेला असल्यास त्याची मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी. तो रुग्णाचाच अहवाल आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून हाडाची जाडी मोजता येत नाही, आणि तेवढ्या फोटोवर पक्का दर सांगणाऱ्याविषयी मी तरी सावध राहीन.

आता दराविषयी. आपल्याला मिळालेल्या तीन आकड्यांमधील फरक बराचसा स्क्रूच्या कंपनीचा आणि कॅपच्या साहित्याचा असणार. आपल्याकडे ऑस्टेम, डेंटियम या कोरियन आणि एमआयएस, ॲडिन या इस्रायली कंपन्यांचे इम्प्लांट सर्रास वापरले जातात. स्विस स्ट्रॉमन आणि मूळची स्वीडिश नोबेल बायोकेअर या महाग श्रेणीत येतात. कोरियन स्क्रू टिकत नाही असे मुळीच नाही. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही नव्वद-पंच्याण्णव टक्के इम्प्लांट शाबूत असतात आणि त्यात कंपनीपेक्षा डॉक्टरांचा हात, हिरड्यांचे आरोग्य आणि घरची स्वच्छता यांचा वाटा मोठा असतो. तरीही आपल्या बहिणीसाठी मी महाग कंपनीचाच विचार करा असे सुचवेन, आणि त्याचे कारण दर्जा नव्हे. उद्या जोडभागाचा स्क्रू सैल झाला, तर तो घट्ट करण्याचे हत्यार आणि बदली भाग बर्मिंगहॅममध्ये मिळाले पाहिजेत. स्क्रूमागे पंधरा-वीस हजार जास्त गेले तरी ते त्या सोयीसाठी गेले असे समजावे.

मधुमेहाबाबत, रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी सातच्या आसपास असेल तर हरकत नाही. आठच्या पुढे असेल तर मी स्वतः शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. त्याखेरीज या वयातील स्त्रियांना हाडांच्या ठिसूळपणासाठी काही गोळ्या किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन दिले जाते. त्यांपैकी काही औषधांमुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. बहिणीला असे कोणते औषध चालू आहे का, किंवा पूर्वी दिले होते का, हे त्यांच्या तिथल्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.

खानापूरकर_व्हिएन्ना :

नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात असतो. हंगेरीविषयी थोडे प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो.

ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून मोशोनमाज्यारोवार नावाचे एक लहानसे हंगेरियन गाव आहे. आकाराने आपल्या निपाणीहूनही लहान, पण तिथे दंतवैद्यांच्या पाट्याच पाट्या दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जर्मन भाषेत असतात. महाराष्ट्रातले ट्रक वर्षानुवर्षे सीमेवरील कोगनोळीच्या अलीकडे, कर्नाटकात येऊन स्वस्त डिझेलने टाकी भरून घेत आले, तसेच इथले लोक दातांसाठी सीमा ओलांडतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याला लागून मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेस नावाचे असेच गाव असून तिथेही सगळा व्यवसाय दाढांचाच आहे. स्वस्ताईचे कारण साहित्य नव्हे. स्क्रू तोच स्विस किंवा कोरियन असतो. फरक असतो तो जागेचे भाडे, परिचारिकांचे पगार आणि कॅप बनवणाऱ्या प्रयोगशाळेची मजुरी यांत. त्यामुळे “स्वस्त म्हणजे निकृष्ट” हे जसे खरे नाही, तसेच “तिथे सगळे युरोपीय म्हणजे उत्तमच” हेही खरे नाही.

मला मिळालेले अंदाजे आकडे असे : हंगेरीत कॅपसह एक इम्प्लांट १,००० ते १,४०० युरो, सायनसचे काम ८०० ते १,२०० युरो, दोन फेऱ्यांचे विमान आणि राहणे मिळून हजारभर युरो. म्हणजे तीन दाढांचे एकंदर पाच ते साडेसहा हजार युरो. बेळगावात महाग कंपनीचा स्क्रू, चांगली कॅप आणि सायनसचे काम धरून दोन-सव्वादोन लाख लागतील असे समजू. त्यात इंग्लंडहून दोनदा येण्या-जाण्याची तिकिटे मिळवा, ती मोसमाप्रमाणे दीड-दोन लाखांपर्यंत जातील. बेरीज पौंडांत मांडली तर हंगेरीपेक्षा बेळगाव स्वस्तच पडते, परंतु शहापूरकरांना वाटत असेल तितका तो फरक मोठा राहत नाही. आपल्या भगिनी एरवीही आईला भेटायला येणारच असतील आणि एका फेरीचे तिकीट दातांच्या खात्यावर मांडायचे नसेल, तर मात्र पारडे निश्चितच बेळगावकडे झुकते.

तिकीटभाड्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढच्या तक्रारींचा आहे. बर्मिंगहॅमहून बुडापेस्ट विमानाने दोन-अडीच तासांवर आहे. कॅप निखळली तर शनिवार-रविवार जोडून जाऊन येता येते. बेळगावचे तसे नाही. मुंबईपर्यंत विमान, पुढे बेळगावच्या सांबरा विमानतळाचे विमान किंवा रात्रीची बस, म्हणजे एका स्क्रूसाठी आठवडा गेला. दहा वर्षांची किंवा आजन्म हमी देणाऱ्या परदेशी दवाखान्यांच्या अटी मी वाचल्या आहेत. त्यांत बहुधा असे असते की, रुग्णाने दरवर्षी त्याच दवाखान्यात येऊन तपासणी करून घेतली पाहिजे, आणि हमी ही स्क्रू किंवा कॅप बदलून देण्याची असते, प्रवासाची आणि राहण्याची नव्हे. एका वर्षी चुकले की हमी संपली.

तुर्कस्तानाबद्दल एवढेच सांगतो की, तिथे उत्तम डॉक्टरही आहेत, परंतु हॉटेल, मोटार, समुद्रकिनारा आणि दात असे एकत्र विकणाऱ्या मध्यस्थांचा सुळसुळाट फार आहे. तपासणीआधीच समाजमाध्यमावरील संदेशांतून उपचार ठरवले जातात आणि एका दाढेसाठी गेलेल्याचे शेजारचे धडधाकट दात तासून त्यांवरही पांढऱ्याशुभ्र कॅपा बसवल्या जातात. तासलेला दात पुन्हा वाढत नाही. मध्यस्थ नको, डॉक्टरांशी थेट बोलणे हवे, ही अट भगिनींनी कुठेही गेल्या तरी सोडू नये.

कारवारची_लेक :

सर्वांचे वाचले. मला एक वेगळेच विचारायचे आहे : तिन्ही इम्प्लांट हवेतच, हे कोणी ठरवले?

खालच्या दोन दाढांपैकी एक अगदी शेवटची असेल आणि तिच्यासमोर वर दाढच नसेल, तर तिथे इम्प्लांट बसवून ती चावणार कशावर? अनेक दंतवैद्य अशा वेळी पहिली मोठी दाढ भरून काढतात आणि शेवटची तशीच सोडतात. चघळायला तेवढे पुरते. वरच्या दाढेच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर आधीच रूट कॅनाल होऊन कॅपा बसलेल्या असतील, तर तिथे तीन कॅपांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधली दाढ, करता येतो. त्याला सायनसची शस्त्रक्रिया नको, सहा महिन्यांची वाट नको आणि बेळगाव-धारवाडकडे तो वीस-तीस हजारांत, एकाच रजेत होतो. शेजारचे दात निरोगी असतील तर मात्र केवळ ब्रिजसाठी ते तासू देऊ नयेत. तिथे इम्प्लांटच बरा.

माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही गोव्याला बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात दुसरे मत घेतले होते. त्यांनी चारावरून दोनावर आणले. ज्याला तीन स्क्रू विकायचे आहेत त्याच्याकडून दोनाचा सल्ला क्वचितच मिळतो, हे इंग्लंडलाही लागू असावे.

निपाणीकर_आजोबा :

शहापूरकर यांस नमस्कार.

दवाखाना कसा ओळखावा, या आपल्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. त्याआधी आमच्या घरातील एक हकीकत सांगणे भाग आहे. माझे थोरले बंधू आखातात नोकरीला असताना त्यांनी तिथल्या एका दवाखान्यात दोन इम्प्लांट बसवून घेतले. निवृत्त होऊन ते गावी परतले आणि पुढे काही वर्षांनी एका दाढेची कॅप खुळखुळू लागली. इथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “स्क्रू कोणत्या कंपनीचा?” बंधूंना ते ठाऊक नव्हते, बिलावर फक्त रक्कम होती आणि तो दवाखाना मधल्या काळात बंद पडलेला. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचे खाचेचे माप आणि त्याची चावी वेगळी असते, हे आम्हाला तेव्हा कळले. एक्स-रेच्या आकारावरून अंदाज बांधत, निपाणी, कोल्हापूर आणि बेळगाव अशी फिरती करून अखेर मेळ बसला. पण जे काम पाच मिनिटांचे होते त्याला कित्येक आठवडे लागले. बंधूंची तंबाखूची सवयही त्याला कारण होती, हे डॉक्टरांनी सांगितलेच. निपाणीत राहून तंबाखूला नावे ठेवणे म्हणजे अवघडच, परंतु धूर असो वा मळून खाल्लेली असो, तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होऊन इम्प्लांट सैल होण्याचे प्रमाण वाढते हे खरे आहे.

आता दवाखान्याविषयी. आपल्या भागात एक गोष्ट विशेष पाहावी लागते. पुष्कळ दवाखान्यांत इम्प्लांट बसवणारे डॉक्टर तिथले नसतात; पुण्याहून, हुबळीहून किंवा कोल्हापुरातून ठरावीक वारी येतात, काम करतात आणि निघून जातात. त्यात गैर काही नाही, बऱ्याचदा त्यांचाच हात जास्त सरावलेला असतो. परंतु स्क्रू कोण बसवणार, कॅप कोण करणार आणि शस्त्रक्रियेनंतर रात्री सूज आली तर दूरध्वनी कोण उचलणार, या तीन प्रश्नांची उत्तरे नावानिशी घ्यावीत. डॉक्टरांची पदवी पाहावी. कायद्याने बीडीएस झालेले दंतवैद्यही इम्प्लांट बसवू शकतात, आणि काही फार चांगले बसवतात; पण सायनसचे काम असेल तर मुखशल्यचिकित्सा, हिरड्यांचे विकार किंवा कृत्रिम दंतशास्त्र यांपैकी एका विषयातील एमडीएस ही पदव्युत्तर पदवी असलेले डॉक्टर असावेत असे मला वाटते. कर्नाटकात खासगी दवाखान्यांना २००७ च्या कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे. तो दाखला भिंतीवर दिसला पाहिजे.

बेळगावात के. एल. ई. संस्थेचे विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय अशी दोन महाविद्यालये आहेत, धारवाडला एसडीएम आहे. तिथे दर कमी असतात आणि सगळ्या विषयांचे तज्ज्ञ एका छताखाली मिळतात. मात्र बरेचसे काम पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, रांग असते आणि एकेका टप्प्याला जास्त बैठका लागतात. चार आठवड्यांची रजा घेऊन येणाऱ्या बाईंना ते वेळापत्रक झेपेल का, याचा विचार करावा. निदान तपासणीसाठी आणि दुसऱ्या मतासाठी तरी तिथे अवश्य जावे. पुणे किंवा कोल्हापूर गाठण्याचे कारण मला दिसत नाही. टाके काढायला आणि सूज दाखवायला घराजवळचा डॉक्टर बरा.

इथे केलेल्या कामाची आणखी एक बाजू आहे. वैद्यकीय सेवेला ग्राहक कायदा लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले असून, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. तशी वेळ येऊ नये. पण परक्या देशात परक्या भाषेतील न्यायालय गाठण्यापेक्षा हे कमी कठीण आहे. त्यासाठी जीएसटी क्रमांकाचे नसले तरी सही-शिक्क्याचे, टप्प्याटप्प्यांचे बिल हवे. “बिल नको असेल तर पाच हजार कमी” हे ऐकले की उठावे.

शहापूरकर :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री अक्काशी सविस्तर बोलणे झाले. तिची एचबीए१सी ६.८ आहे आणि हाडांसाठी फक्त कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. खालच्या दोन्ही दाढांसमोर वरच्या दाढा शाबूत आहेत, त्यामुळे तिथे दोन इम्प्लांट करण्याचे ठरते आहे. वरच्या दाढेच्या एका शेजारी कॅप आहे, दुसरा दात निरोगी आहे. त्यामुळे ब्रिजचा निर्णय स्कॅन पाहिल्यावरच घेऊ. तिने मूळ फाइल मागवली आहे.

तिची शंका अशी की, सायनसचे काम झालेच तर त्यानंतर विमानप्रवास किती दिवसांनी करावा? आणि पहिला टप्पा बेळगावात, कॅप मात्र बर्मिंगहॅममध्ये असे केले तर दुसरी फेरी वाचेल का?

दंतवैद्य_टिळकवाडी :

सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दोन आठवडे विमानप्रवास टाळावा, असे मी सांगतो. त्या काळात नाक जोराने शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे, स्ट्रॉने पिऊ नये आणि जड ओझे उचलू नये. म्हणून बहिणीने बेळगावात पोहोचल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांतच शस्त्रक्रिया उरकावी; टाके आठ-दहा दिवसांनी निघतात आणि उरलेले दिवस काही उद्भवल्यास हाताशी राहतात. नातेवाइकांच्या भेटी, लग्नकार्ये आणि आईच्या हातचे कडक वडे नंतरच्या आठवड्यात ठेवावेत.

स्क्रू इथे आणि कॅप तिकडे हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, परंतु इंग्लंडमधील अनेक दंतवैद्य दुसऱ्याने बसवलेल्या स्क्रूची जबाबदारी घ्यायला तयार नसतात. पुढे इम्प्लांट निघाला तर दोष कोणाचा, हा वाद त्यांना नको असतो, आणि ते स्वाभाविक आहे. शिवाय तिथे नुसत्या कॅपचा आणि जोडभागाचा खर्चच दाढेमागे हजारभर पौंड होऊ शकतो. मग दुसऱ्या फेरीचे तिकीट वाचवून फारसे काही वाचत नाही. तरीही प्रयत्न करायचा असल्यास इथे येण्यापूर्वीच तिथल्या एखाद्या दंतवैद्याची लेखी संमती घ्यावी, आणि त्यांना चालेल तीच कंपनी इथल्या डॉक्टरांना सांगावी. हा क्रम उलटा झाला की अडचण होते.

कॅप तिकडे करा वा इकडे, वर्षातून दोनदा सफाई आणि एकदा एक्स-रे हे तिथेच करून घ्यावे लागेल. खऱ्या दाताप्रमाणे इम्प्लांटभोवतीही किटण साचते, हिरडीला सूज येते आणि वेदना न होता हाड झिजत जाते. मधुमेहात हे लवकर घडते. या सफाईचा दर तिने आत्ताच तिथे विचारून ठेवावा आणि तो आपल्या हिशेबात धरावा, कारण ८,५०० पौंडांच्या अंदाजातही तो बहुधा धरलेला नसणार.

निपाणीकर आजोबांनी सांगितलेली अडचण टाळण्यासाठी : प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. तिची एक प्रत दवाखान्याच्या नोंदीत लावतात, दुसरी रुग्णाच्या कार्डावर लावून मागावी. डबी आपल्यासमोर फोडायला सांगितली तरी कोणताही प्रामाणिक डॉक्टर रागावणार नाही. कॅप सिमेंटने चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवणारी घ्यावी, म्हणजे पुढे बर्मिंगहॅममधील डॉक्टरांना ती न तोडता काढता येईल. जोडभाग मूळ कंपनीचाच आहे ना, हेही विचारावे. स्क्रू महाग आणि जोडभाग स्थानिक नकली असे प्रकार घडतात, आणि सैल होण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात.

दुसऱ्या फेरीला दोन आठवडे पुरतात, मात्र ती गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत ठेवू नये. बेळगावातील बरेच दवाखाने कॅपा बाहेरच्या प्रयोगशाळांतून करून घेतात. त्या दिवसांत कारागीर गावी जातात, कुरिअर रखडते आणि माप घेतलेली कॅप विमानाच्या आदल्या दिवशी हातात येते. मग चावण्याचा मेळ तपासायला वेळच उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारी त्या दृष्टीने सोयीचे.